केसाळ कुत्र्याला थंडी नव्हे, ओल बाधते

प्रश्न : आमच्याकडे दोन कुत्री आहेत. ब्रुनो हा गोल्डन रिट्रीव्हर, वय चार, वजन ३७ किलो. राणी ही पामेरियन, वय बारा. गेल्या डिसेंबरात ब्रुनोच्या कानाखाली एका रात्रीत तळहाताएवढी ओली, लालभडक जखम झाली. डॉक्टरांच्या औषधाने ती बरी झाली, पण यंदा पुन्हा होईल अशी धास्ती वाटते. त्याला आम्ही दर रविवारी सकाळी आंघोळ घालतो. मिस्टर म्हणतात, केसच भादरून टाकू. सासूबाई म्हणतात, उलट दोघांना स्वेटर शिवू. ब्रुनो रात्री गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये बांधलेला असतो आणि घातलेलं पोतं सोडून फरशीवरच लोळतो. राणी घरात असते, तरी पहाटे कुडकुडते आणि खोकते. थंडीत खाणं वाढवायचं का? आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतल्या, दारूकामाला ब्रुनो फार घाबरतो, त्याचं काय करावं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. दर रविवारची आंघोळ. ब्रुनोची जखम थंडीने झालेली नसणार. आंघोळीनंतर कातडीजवळ राहिलेल्या ओलीने ती झाली असण्याची शक्यता फार मोठी आहे, आणि म्हणूनच ती टाळणं बरंचसं तुमच्या हातात आहे.

गोल्डन, पामेरियन, हस्की, जर्मन शेफर्ड या सगळ्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब, जाड आणि किंचित तेलकट; ते पाणी आणि धूळ आत जाऊ देत नाहीत. त्यांच्याखाली मऊ, दाट लोकर असते. ऊब मिळते ती या लोकरीत अडकलेल्या कोरड्या हवेमुळे. लोकर कोरडी आणि मोकळी असेपर्यंत कुत्रा थंडीला दाद देत नाही. ती भिजली किंवा तिच्या गाठी झाल्या की आतली हवा जाते, ऊब जाते आणि खालची कातडी दमट राहते. कुत्र्याच्या अंगाचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. एवढी ऊब आणि वर ओल, मग कातडीवर एरवी गप्प असणारे जंतू झपाट्याने वाढतात. खाज सुटते, कुत्रा मागच्या पायाने रात्रभर खाजवतो, चाटतो, आणि सकाळी तळहाताएवढी जखम दिसते. हिला हॉट स्पॉट म्हणतात. गोल्डनमध्ये ती नेहमी आढळते. कानाखाली, गालावर, मांडीवर आणि शेपटीच्या बुडाशी जास्त. कान आतून दुखत असेल किंवा पिसवा झाल्या असतील तरी सुरुवात अशीच होते, म्हणून ब्रुनोचे कान एकदा डॉक्टरांकडून आतून तपासून घ्या.

आता आपल्या थंडीबद्दल. सोलापुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटे साधारण १४ ते १६ अंश असतात, एखाद्या आठवड्यात पारा त्याहून खाली उतरतो, आणि त्याच दिवशी दुपारी तो ३० च्या आसपास जातो. चार वर्षांच्या धडधाकट गोल्डनला १५ अंश म्हणजे त्रास नाही, सुख आहे. वर्षातले हे तीन-साडेतीन महिनेच त्याला आपल्या गावात खऱ्या अर्थाने मानवतात. तो फरशीवर लोळतो कारण त्याला तेच हवं असतं. त्याला पांघरूण घालायची धडपड करू नका, आणि सासूबाईंना प्रेमाने सांगा की ब्रुनोसाठी स्वेटर नको. स्वेटरने लोकर दबते, काखेत आणि छातीवर घासून गाठी होतात, आणि दुपारी अंगावरच राहिला तर कुत्रा तापतो.

केस भादरणं तर मुळीच नको. उन्हाळ्यातही नको आणि आता तर नकोच. मशीन मारली की वरचे जाड केस आणि लोकर एकाच उंचीवर येतात. लोकर आधी वाढते, वरचे केस सावकाश, त्यामुळे पुढचे कित्येक महिने अंगावर कापसासारखा, पाणी धरून ठेवणारा थर राहतो. ज्या ओलीने जखम झाली तीच आणखी टिकते. पामेरियनमध्ये धोका अधिक. मशीन मारल्यावर तिचे केस काही जागी वर्ष-वर्ष परत येत नाहीत, कधी कधी येतच नाहीत. कात्री चालवायची ती मोजक्या ठिकाणी : पंजांच्या गाद्यांमधले केस गादीच्या पातळीला, शेपटीखाली दोन बोटं जागा स्वच्छ, आणि कानामागची जावळासारखी मऊ लट थोडी विरळ. बस, एवढंच.

आंघोळ पाच-सहा आठवड्यांतून एकदा पुरे. मधल्या काळात चिखलाने माखला तर तेवढे पाय धुवा. ज्या दिवशी घालाल त्या दिवशी आधी सगळं अंग विंचरून गाठी काढा, कारण भिजलेली गाठ आवळून घट्ट होते आणि आतून वाळत नाही. सकाळी आठची वेळ सोडा, अकराला सुरू करा. पाणी कोमट, मनगटाच्या आतल्या बाजूला जेमतेम उबदार लागेल इतकंच. शाम्पू कुत्र्यांचाच हवा; आपल्या शाम्पूची आम्लता माणसाच्या कातडीला धरून असते, कुत्र्याच्या नाही. तो एका मगात पाणी घालून पातळ करून वापरा, म्हणजे सगळीकडे पोचतो आणि लवकर निघतो. बहुतेक घरांत चूक होते ती खंगाळण्यात. साबण लावायला लागला त्याच्या दुप्पट वेळ पाणी ओता, काखा आणि पोटाखाली हात घालून चोळा, पाणी निवळ येईपर्यंत. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येत असेल तर आंघोळ पाण्याच्या दिवशीच ठरवा. उरल्यासुरल्या दोन बादल्यांत गोल्डन धुवून निघत नाही आणि राहिलेला शाम्पू पुन्हा खाजच आणतो.

मग वाळवणं, आणि इथे घाई करू नका. आधी हाताने पाणी निपटा, नंतर तीन-चार जुने टॉवेल एकामागून एक दाबून वापरा. रगडू नका, रगडल्याने गुंता होतो. त्यानंतर ड्रायर, गार किंवा सगळ्यात कमी उष्णतेवर, अंगापासून वीतभर लांब आणि सतत हलता. दुसऱ्या हाताने केस उलटे करत मुळाशी हवा जाऊ द्या. वरून केस भुरभुरीत झाले म्हणजे वाळले असं समजू नका. कानाखाली, काखेत, मांडीच्या मागच्या पिसाऱ्यात आणि शेपटीच्या बुडाशी केसांत भांग पाडून बोट कातडीला लावा. बोटाला गारवा लागला तर आत ओल आहे. एवढ्या कुत्र्याला ड्रायरने दीड-दोन तास सहज लागतात; नुसत्या हवेवर सोडलं तर संध्याकाळ होते आणि रात्रीच्या गारव्यात ओली लोकर तशीच राहते. दुपारच्या कडक उन्हात बांधून वाळवू नका. उन्हाच्या कडेला सावलीत, वारा लागेल असा ठेवा आणि धापा टाकू लागला की आत घ्या.

विंचरणं आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं. दोन साधनं लागतात : बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश आणि स्टीलचा कंगवा, ज्याच्या एका टोकाचे दात विरळ आणि दुसऱ्याचे दाट असतात. नुसता वरून ब्रश फिरवला तर वरचे केस चमकतात आणि खाली नमदा तयार होत राहतो. म्हणून एका हाताने केस वर उचलून धरा, खालची एक ओळ कातडीपर्यंत मोकळी करा, मग बोटभर वरची ओळ, असं करत पाठीपर्यंत जा. शेवटी कंगवा मुळापासून न अडखळता गेला पाहिजे; अडखळेल तिथे थांबा आणि ती जागा पुन्हा करा. सरळ निघाला तरच काम झालं. गाठ सापडली तर तिचं मूळ चिमटीत धरा म्हणजे कातडी ओढली जाणार नाही, त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर टाका आणि टोकाकडून थोडं थोडं सोडवा. गाठीखाली आडवी कात्री घालू नका. कातडी गाठीबरोबर वर ओढली गेलेली असते आणि केसांसोबत तीही कापली जाते. आपल्या कोरड्या हवेत ब्रश करताना केस चटचटत असतील तर आधी पाण्याचा अगदी हलका फवारा मारा. अंगाला खोबरेल मात्र लावू नका. धूळ चिकटते, कुत्रा चाटतो आणि पोट बिघडतं.

एवढं करूनही जखम दिसलीच तर त्याच दिवशी डॉक्टर. तोवर भोवतीचे केस कमी करा, मिठाच्या कोमट पाण्यात बुडवलेल्या स्वच्छ कापडाने टिपा, कोरडी होऊ द्या आणि चाटू-खाजवू नये म्हणून गळ्यात फनेलसारखी कॉलर घाला. हळद-तेलाचा लेप, टाल्कम पावडर, जखमेवर पट्टी यांतलं काही नको. वर पापुद्रा धरतो आणि आत ओल कोंडते.

गच्चीबद्दल. कोरडा, निरोगी ब्रुनो शेडमध्ये थंडीने आजारी पडणार नाही, पण साखळीने बांधून रात्रभर एकटं ठेवणं आम्हाला पटत नाही. गोल्डन माणसांत राहणारा कुत्रा आहे. एकटा पडला की पंजे चाटत बसतो आणि त्या चाटण्यातूनही जखमा होतात. जमल्यास रात्री हॉलमध्ये घ्या, शहाबादी फरशीवर तो मजेत झोपेल. अगदीच जमत नसेल तर पत्र्याखाली लाकडी पेटी ठेवा, साडेतीन ते चार फूट लांब, अडीच फूट रुंद, तीन फूट उंच, विटांवर चार इंच उचललेली, दार दक्षिणेला. आपल्याकडे हिवाळी वारा ईशान्य-पूर्वेकडून येतो, तो पाठीवर जाईल आणि दिवसा ऊन आत येईल. पोतं दवाने दमट होतं, ते रोज उन्हात टाका. आत जुनी सोलापुरी चादर चौपदरी घालायला हरकत नाही, मात्र सुटलेले दोरे आधी कापा. कुत्र्याने गिळलेला लांब दोरा आतड्यात अडकतो आणि शस्त्रक्रियेची वेळ येते.

राणीचं प्रकरण वेगळं आहे, आणि खरं सांगायचं तर ब्रुनोपेक्षा आम्हाला काळजी तिची वाटते. बारा वर्षांच्या पामेरियनचा पहाटेचा खोकला सर्दी समजून सोडून देऊ नका. या जातीत वय झाल्यावर श्वासनलिका सैल पडून चपटते. तेव्हा कोरडा, बदकासारखा कॅं-कॅं आवाजाचा खोकला येतो, उत्साहात आली किंवा पट्टा ओढला गेला की जास्त. दुसरं कारण हृदयाच्या झडपेचं दुखणं. त्यात रात्री-पहाटे, आडवी असताना खोकला येतो आणि थोडं चाललं तरी दम लागतो. दोन्हीवर औषधं आहेत, पण ती तपासणी आणि एक्स-रे झाल्यावरच ठरतात. या आठवड्यात दाखवा. गळ्यातला पट्टा आजच काढून छातीचा हार्नेस घाला, आणि ती गाढ झोपेत असताना एका मिनिटातले श्वास मोजून लिहून ठेवा. ३० च्या वर जात असतील तर आठवडा थांबू नका, त्याच दिवशी न्या.

तिचं कुडकुडणं खरं असू शकतं. म्हाताऱ्या कुत्र्याची लोकर विरळ होते, स्नायू कमी होतात, सांधे धरतात. तिला फरशीपासून वर उचललेली, कडा उंच असलेली गादी द्या. तिला स्वेटर चालेल, सुती किंवा फ्लीसचा, काखेत सैल, रात्री घालून सकाळी काढायचा आणि काढल्यावर केस विंचरायचे. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून गादीच्या एकाच बाजूला ठेवा, नकोशी झाली तर तिला सरकता यावं. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही नको. तिच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसालाही कळत नाही आणि कुत्रा तर जमिनीवर गाढ झोपलेला असतो. लंगडते म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, कुत्र्यांना ती विषारी ठरतात. थंडीत चमचाभर रम देण्याचा सल्लाही ऐकू नका. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात आणि उलट अंगातली उष्णता निघून जाते. आणखी एक : दाट केसांचं कुत्रं एरवी फरशी शोधतं आणि अचानक ऊब शोधू लागलं, वजन वाढलं, शेपटीचे केस झडले, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. हे ब्रुनोच्या बाबतीतही लक्षात असू द्या, गोल्डनमध्ये हा आजार बऱ्यापैकी दिसतो.

खाणं वाढवू नका. जास्त अन्न लागतं ते बर्फाळ मुलखात उघड्यावर राबणाऱ्या कुत्र्यांना. गोल्डन नराचं वजन साधारण २९ ते ३४ किलो असतं. ब्रुनोच्या बरगड्या हलक्या दाबाने बोटांना लागत नसतील तर उलट रोजच्या खाण्यातला दहावा भाग कमी करा. महिन्याला एक-दीड किलोपेक्षा वेगाने वजन उतरवू नका. पाण्याचं मात्र उलटं आहे. थंडीत कुत्री कमी पितात, आणि आपली हवा कोरडी. ब्रुनोच्या पोटात दिवसाला दोन लिटरच्या आसपास पाणी जायला हवं, ओल्या जेवणातलं धरून. साठवणीचं पाणी असलं तरी भांडं दोनदा घासून बदला, आणि ड्राय फूड कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून द्या.

हिवाळ्यात आपल्या घरांत चांगलंचुंगलं फार असतं, त्यातलं काय द्यायचं नाही ते घरातल्या प्रत्येकाला सांगा. शेंगाचटणीत लसूण असतो. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि लक्षणं दोन-चार दिवसांनी दिसतात, तोवर आपण काय दिलं ते विसरलेलो असतो. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंड बंद पाडू शकतात, आणि किती खाल्ल्यावर ते होईल याचा भरवसा नाही. म्हणून बेदाणे घातलेला डिंकाचा लाडू अजिबात नको. हुरडा पचत नाही, नुसतं जुलाबाला आमंत्रण. साधी भाकरी, चटणी-मीठ न लावलेली, चतकोर चालेल.

फिरायला मात्र भरपूर न्या. सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी सहानंतर, मिळून तास-सव्वा तास. उन्हाळ्यापासून सुस्तावलेला असेल तर वीस मिनिटांपासून सुरुवात करून दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढवा. स्कूटरला बांधून पळवू नका. पहाटे अंधार असतो, धुकंही असतं, आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रंदिवस चालू असतात, तेव्हा चमकणारा पट्टा घाला आणि मोठ्या रस्त्यालगत मोकळा सोडू नका. शेताच्या बांधावरून आल्यावर पंजांच्या बोटांत, कानांत आणि काखेत कुसळं आणि गोखरू शोधा. कुसळ एकाच दिशेने आत सरकतं, चार दिवसांनी बोटात गळू होतं किंवा कुत्रा डोकं वाकडं करून कान झटकत राहतो. हिप्परग्याला तळ्यावर नेलंत तर पोहणं दुपारी आणि थोडं. गार पाण्यात फार वेळ पोहलेल्या रिट्रीव्हरची शेपटी दुसऱ्या दिवशी बुडापासून लुळी पडून दुखते. विश्रांतीने ती काही दिवसांत सुधारते, तरी दाखवून घ्या. आणि तळ्यावरून आल्यावर वाळवण्याचा सगळा सोहळा पुन्हा.

पायात बूट आणि पंजांना मेण लावण्याच्या सूचना तुमच्याही वाचनात आल्या असतील. त्या जिथे बर्फ पडतं तिथल्या आहेत. तिकडे रस्त्यावर टाकलेल्या मिठाने पंजे पोळतात आणि बोटांमधल्या केसांत बर्फाचे गोळे धरतात. आपल्याकडे गाद्या भेगाळतात त्या कोरड्या हवेने. रात्री साधी व्हॅसलीन पातळ चोळा आणि ती मुरेपर्यंत दहा मिनिटं पायमोजा घाला. गाडीतून गळालेला कूलंट मात्र इथेही तेवढाच घातक. चवीला गोड आणि मूत्रपिंडाला विष. पार्किंगमध्ये हिरवट-गुलाबी डाग दिसला तर लगेच धुऊन टाका.

थंडी आली म्हणून गोचिडाचं औषध थांबवू नका. आपल्या दुपारच्या ३० अंशांत गोचीड भिंतींच्या फटींत आरामात वाढते. दाट केसांत ती दिसत नाही, म्हणून विंचरताना कानामागे, पट्ट्याखाली आणि बोटांत बोटांनी चाचपा. डिस्टेंपरचा विषाणू गारव्यात जास्त टिकतो, तेव्हा दोघांच्या लसींची तारीख बघून घ्या.

राहिलं दारूकाम. होम मैदानावर ते संक्रांतीच्या दिवसांत होतं, म्हणजे तयारी नोव्हेंबरच्या शेवटीच सुरू करता येते. फटाक्यांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग अगदी हळू लावा, ब्रुनो कान टवकारेल पण खाणं सोडणार नाही इतकंच. त्या वेळी उकडलेल्या चिकनचे तुकडे द्या. रोज पाच-सात मिनिटं, आणि दर तीन-चार दिवसांनी आवाज किंचित वाढवा. घाबरला तर मागच्या पातळीवर या. त्या रात्री तो गच्चीवर नसलाच पाहिजे. घाबरलेली कुत्री साखळी तोडतात, कठड्यावरून उड्या मारतात. पाचलाच फिरवून, जेवू घालून आतल्या खोलीत घ्या, खिडक्या-पडदे लावा, पंखा आणि टीव्ही चालू ठेवा. तो पलंगाखाली गेला तर ओढून काढू नका; जवळ आला तर खुशाल कुरवाळा, त्याने भीती वाढत नाही. फारच थरथरत असेल तर डॉक्टरांकडून भीतीचं औषध घ्या, मात्र त्याचा एक डोस आधी एखाद्या शांत दिवशी देऊन बघा, म्हणजे किती वेळाने लागू पडतं आणि किती गुंगी येते ते कळेल. पट्ट्यावर फोन नंबरची पट्टी असू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साखळी हातात घेऊनच बाहेर काढा : रस्त्यावर न जळलेली दारू पडलेली असते, ती हुंगू-चाटू देऊ नका, आणि संक्रांतीच्या नायलॉन मांजाचे तुकडे पंजात गुंतले आहेत का ते घरी आल्यावर बघा.